मागच्या दारावरचा कॅमेरा

ती संक्रांतीची संध्याकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते, पण तिची पूर्ण हकिकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. अर्धी मात्र पुष्कळदा सांगितली. नव्याने भरती झालेल्या पोरांच्या वर्गात सांगितली, व्यापाऱ्यांच्या बैठकीत 'कॅमेरे बसवा' म्हणताना सांगितली. निवृत्तीच्या निरोप समारंभात तर एका सहकाऱ्याने ती माझ्या वतीने सांगितली आणि मी गळ्यात हार घालून ऐकत बसलो. त्या हकिकतीत चोरी होती, तपास होता, हस्तगत झालेला मुद्देमाल होता. एक बाई तेवढी नव्हती. तिला मी दर वेळी वगळत होतो.

यंदा थंडीच्या सुरुवातीला नांदेडच्या आमच्या कॉलनीत मोटारसायकली चोरीला गेल्या आणि सुनेने घराबाहेर कॅमेरा बसवायचा हट्ट धरला. "बाबा, तुम्ही पोलिसातले, तुम्हीच निवडा," म्हणाली. आम्ही दुकानात गेलो, आणि तिथे जे घडलं त्यानंतर ही गोष्ट पोटात ठेवणं मला जमेना. म्हणून लिहितो. नाव कोणाचंच घेत नाही, गावाचंही नाही.

लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी तिथे ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. आडत बाजार मोठा, सोयाबीन आणि तुरीची उलाढाल भरपूर, त्यामुळे व्यापाऱ्यांची घरं सुखवस्तू. घराबाहेर कॅमेरे बसवायची हौस तेव्हा नवीन होती. कोणाच्या दारावर कॅमेरा आहे हे लोक कौतुकाने सांगायचे, जसं पूर्वी कोणाकडे फोन आहे ते सांगायचे.

अशाच एका आडत्याच्या घरी संक्रांतीच्या दिवशी चोरी झाली. फिर्याद द्यायला ते स्वतः आले. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं हळू. त्यांच्या पत्नीने दुपारी तिळाच्या पोळ्या लाटताना हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून आतल्या खोलीतल्या फडताळात ठेवल्या होत्या. संध्याकाळी हळदीकुंकू होतं, गल्लीतल्या आणि बाजारपेठेतल्या बायका आल्या. मध्येच वीज गेली. त्यांच्या इन्व्हर्टरवर पुढचा हॉल आणि कॅमेरा एवढंच चालायचं, त्यामुळे हॉलमध्ये बायकांचं वाण लुटणं चालू राहिलं आणि मागचं अर्धं घर अंधारात बुडालं. वीज आली तेव्हा फडताळात पाटल्या नव्हत्या.

"साहेब, संशय कोणावर न्हाई," आडते म्हणाले. "पण मागच्या दारावर कॅमेरा हाय. अंधारात दिसतंय त्यात. मुद्दाम तसलाच घेतलाय."

आम्ही घटनास्थळाचा पंचनामा केला आणि तिथेच बसून रेकॉर्डिंग पाहिलं. वीज गेल्यावर अंगणातला दिवा विझला, तसं चित्र काळंपांढरं झालं. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं आणि एक बाई बाहेर पडली. पांढरी साडी. पदर डोक्यावरून पुढे घेतलेला, एक हात पदराखाली. दारातून उतरताना तिने क्षणभर मान वर केली. कॅमेरा अगदी डोक्यावर असल्यामुळे त्याचा झोत तोंडावर पडून चेहरा पिठूळ झाला होता, नाकडोळे ओळखू येत नव्हते. कपाळ मात्र स्वच्छ दिसत होतं. कपाळावर कुंकू नव्हतं.

माझ्याबरोबर ठाण्यातल्या महिला पोलीस नाईक होत्या. आम्ही सगळे त्यांना नाईकबाई म्हणायचो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. संक्रांतीचं हळदीकुंकू, घरभर काळ्या साड्या नेसलेल्या सवाष्णी, आणि ही पांढऱ्या साडीतली, कुंकू नसलेली बाई.

"घरात कोण विधवा बाई होती?" मी विचारलं.

मालकीणबाई जरा अडखळल्या. "सैपाकाच्या बाई. पण साहेब, त्या तशा न्हाईत हो. लई वर्षं झाली आमच्याकडं."

"हळदीकुंकवाच्या वेळी कुठे होत्या?"

"आतच. सैपाकघरात. त्यांना पुढं कसं बोलवायचं?" हे त्या सहज म्हणाल्या आणि मीही सहज ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातला आमचा एक खबऱ्या ठाण्याच्या मागे येऊन उभा राहिला. हमाली करायचा, डोळे चौफेर. "साहेब, आडत्याच्या घरची सैपाकीण रोज मागच्या दारानं निघती. पदराखाली कायतरी असतंय. म्या कैकदा बघितलंय." झालं. चित्र होतं, खबर होती, संधी होती. तपासात तीन गोष्टी एका माणसाकडे बोट दाखवू लागल्या की अधिकारी चौथी शोधत नाही. मीही शोधली नाही. मालकीणबाई स्वतःच रोज उरलेल्या भाकरी त्यांना पदराखाली बांधून देत होत्या, हे मी विचारलंही नाही.

इथून पुढचं मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं. हा नियम मला पाठ होता आणि मी तो इतरांना शिकवतही होतो. तरी मी तोंडी निरोप पाठवला, की ठाण्यात येऊन बसा. कागदावर काही घेतलं नाही. त्या आल्या. पन्नाशीच्या आतल्याच असतील. वहाणा पायरीखाली काढून अनवाणी आत आल्या. मी त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. तिथून आठवडी बाजाराचा रस्ता सरळ दिसतो, आणि रस्त्यावरून बाकही सरळ दिसतो. हेही मला माहीत होतं. काही माणसं मारापेक्षा नजरेने लवकर मोडतात, असा माझा अनुभव होता आणि त्याचा मला अभिमान होता.

लिहिताना मी त्यांना अहोजाहो करतो आहे. तेव्हा केलं नव्हतं.

"संक्रांतीला संध्याकाळी काय नेसली होतीस?"

"फिक्कट निळं लुगडं, साहेब. हेच. अंगावर हाय ते."

"कॅमेऱ्यात पांढरं दिसतंय."

"मग ती मी न्हाई."

"रात्री त्यात रंग दिसत नाहीत. फिकट निळं पांढरंच दिसणार."

हे मी मोठ्या हुशारीने म्हणालो होतो. त्या कॅमेऱ्यात रंग खरे दिसत नाहीत, एवढं मला कळत होतं. ते मी त्यांच्या विरोधात वापरलं. तोच विचार उलट्या बाजूनेही करता येतो, हे मला सुचलं नाही.

"वीज गेल्यावर कुठे होतीस?"

"चुलीम्होरं. भज्याचं तेल तापलं व्हतं. अंधारात हालले न्हाई, तेल सांडंल म्हून."

"कोणी पाहिलं?"

"कोण बघणार? सगळ्या पुढं व्हत्या."

मग मी ते वाक्य बोललो. आवाज चढवला नव्हता, टेबलावर हात आपटला नव्हता. अगदी शांतपणे, एखादा हिशेब जुळवावा तसं बोललो. "त्या घरात कुंकू नसलेली बाई तू एकटीच होतीस ना?"

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "व्हय साहेब. एकटीच व्हते."

त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत. मी काहीही विचारलं तरी बाकाच्या कडेला बोटाने रेघा ओढत बसायच्या. ते गप्प बसणं मी गुन्ह्याची कबुली समजलो. "आतून ढासळली आहे, उद्या बोलेल," असं मी नाईकबाईंना सांगितलं. नाईकबाई नुसत्या "जी" म्हणाल्या.

असे काही दिवस गेले. रोज सकाळी यायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळच्या आत घरी जायचं. आडत्याच्या घरचं काम बंद झालंच होतं, दरम्यान त्यांची स्वयंपाकाची आणखी दोन घरंही सुटली. मुलगी बारावीत होती. घर चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. हे मला ठाणे अंमलदाराने सांगितलं, आणि मी त्याला म्हणालो, "मग लवकर कबूल करायला सांग."

तपासाला वळण मिळालं ते एका किरकोळ कामातून. रेकॉर्डिंगची प्रत काढून पंचांसमक्ष जप्त करायची राहिली होती. एकदा दिवेलागणीला आम्ही त्या घरी गेलो, तर नेमकी वीज गेली; कॅमेरा इन्व्हर्टरवर चालू होता, पण रेकॉर्डिंग बघायचा पडदा बंद पडला. मागच्या अंगणात थांबून वाट पाहिली आणि कंटाळून परत आलो. थंडी मरणाची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो. आडते मशीन मागेपुढे करत संक्रांतीची तारीख शोधत होते, तेवढ्यात पडद्यावर आदल्या संध्याकाळचं अंगण आलं. एक पुरुष आणि एक बाई उभे होते.

"अगं बया, ही कोण पांढऱ्या स्वेटरातली?" नाईकबाई म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लावलं. "साहेब, ही मीच की!"

त्यांचा स्वेटर काळा होता. आताही तोच अंगात होता. पडद्यावर तो धुतल्या तांदळासारखा पांढरा दिसत होता.

"अन् माझं कुंकू कुठाय? ठसठशीत लावते मी. घरी नवरा धडधाकट बसलाय, अन् ह्या मशिनीनं त्याला मारून टाकला की!"

आडते हसले. मी हसलो नाही. नाईकबाईसुद्धा दुसऱ्याच क्षणी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

ती संपूर्ण संध्याकाळ आम्ही त्या अंगणात घालवली. अंधार पडल्यावर दिवा बंद ठेवून कॅमेऱ्यासमोर एकेक कपडा धरला. मालकीणबाईंची सुती चंद्रकळा काळीच राहिली. त्यांच्या जावेची नव्या चमकदार कापडाची काळी साडी धरली, ती पांढरी झाली. माझ्या चपलांचे काळे पट्टे राखाडी दिसले. डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकून असे कॅमेरे अंधारात बघतात आणि काही रंग तो उजेड पुरा परत फेकतात, त्यामुळे काळंसुद्धा पांढरं होतं, हे पुढे लातूरच्या एका जाणकाराने समजावलं. त्या वेळी आम्हाला एवढंच दिसत होतं, की पांढरी साडी म्हणजे पांढरी साडी नव्हे.

शेवटी मी मालकीणबाईंना कॅमेऱ्याखाली उभं राहायला सांगितलं. त्यांचं कुंकू रुपयाएवढं. पडद्यावर कपाळ कोरं आलं. त्यांनी आत येऊन ते पाहिलं आणि चटकन कपाळावर हात ठेवला.

"शिव शिव! हे काय अभद्र," म्हणाल्या. मग हात तसाच ठेवून माझ्याकडे वळल्या. "साहेब, मग त्या बाईला आपण कशावरून धरलं?"

'आपण' म्हणाल्या. त्यांनी संशय घेतलाच नव्हता, घेतला होता मी. तरी त्या 'आपण' म्हणाल्या.

पुढचं काम सोपं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या जवळजवळ सगळ्याच काळ्या साडीत होत्या. मालकीणबाईंच्या मोबाइलमध्ये त्या संध्याकाळचे फोटो होते. रेकॉर्डिंगमधल्या साडीचा काठ रुंद होता आणि त्यावर मोठमोठ्या कोयऱ्या होत्या. तसा काठ फोटोत एकाच साडीला सापडला. ती बाई मागच्याच बोळात राहणारी, मालकीणबाईंची रोजची मैत्रीण. वीज गेल्यावर मागच्या दाराने घरी जाऊन वस्तू ठेवून आली होती आणि स्वतःचं वाणाचं ताट घेऊन पुढच्या दाराने परत हॉलमध्ये येऊन बसली होती. सगळ्यांनी तिला आधी पाहिलं होतं, नंतरही पाहिलं होतं. मधला वेळ कोणी मोजला नव्हता.

या वेळी मी नियमाने गेलो. तिच्या घरी, दिवसाउजेडी, नाईकबाईंना घेऊन. काही विचारायच्या आतच ती उठली, गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि पाटल्या काढून नाईकबाईंच्या ओंजळीत ठेवल्या.

"मेणबत्ती हुडकताना अंधारात हाताला लागल्या, बाई. उचलल्या तवा परत ठेवाव्या असं वाटत व्हतं. घरी आल्यावर वाटलं, आता कशा ठेवू," ती म्हणाली. "अन् मग तुम्ही तिलाच धरलं. रोज ह्या खिडकीतून तिला ठाण्याकडं जाताना बघत व्हते मी. आज सांगू, उद्या सांगू. तोंडच उघडंना."

तिच्यावर रीतसर कारवाई झाली. मला प्रशस्तिपत्र मिळालं. अंधारातल्या कॅमेऱ्याची मर्यादा ओळखून लावलेला तपास, असं त्यात लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पण ती मर्यादा ओळखायला मला जेवढे दिवस लागले, तेवढे दिवस एक बाई बाकावर बसून होती, हे त्यात नव्हतं. केस डायरीतही नव्हतं, कारण मी ते कधी लिहिलंच नव्हतं. कागदोपत्री त्या बाई ठाण्याची पायरी कधी चढल्याच नाहीत.

मी स्वतः जाऊन सांगायला हवं होतं. मी नाईकबाईंना पाठवलं. "उद्यापासून यायची गरज नाही, एवढं सांगा."

त्या परत आल्या. "सांगितलं, साहेब."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, साहेबांना म्हणावं, बरं झालं."

एकदा जीप त्या बाईंच्या गल्लीत नेली होती. दारातच बसून त्या ज्वारी पाखडत होत्या. ड्रायव्हरने वेग कमी केला. "साहेब, उतरायचंय का?" मी म्हणालो, "नको, चल पुढं." पुढे काहीच काम नव्हतं. गावाला वळसा घालून आम्ही परत ठाण्यात आलो. त्याच वर्षी माझी बदली झाली.

मालकीणबाई मात्र गेल्या. पायी, दिवसाढवळ्या, गल्लीने बघावं अशा गेल्या. नाईकबाईंनी मला हे नंतर सांगितलं. त्या बाईंच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझं चुकलं. त्या दिवशी तुम्हाला पुढं बसवलं असतं तर कोणाची बोट दाखवायची छाती झाली नसती. परत या." बाईंनी त्यांना आत घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "भांडण न्हाई मालकीणबाई. पण आता कोणाच्या मागच्या दारानं जायचं न्हाई ठरवलंय."

बाई आपल्या मुलीला घेऊन लातूरला गेल्या. तिथे शिकवण्यांना सगळ्या मराठवाड्यातून पोरं येतात आणि घरच्यासारखं जेवण मिळावं म्हणून वणवण फिरतात. एका खोलीत चार पोरींचे डबे करण्यापासून त्यांनी सुरुवात केली. आज त्यांची खानावळ आहे. मुलगी शिकून नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. नाईकबाईंनी ओळख सोडली नाही. त्यांचीही लातूरला बदली झाली तेव्हापासून दर संक्रांतीला त्या बाईंना आपल्या घरी हळदीकुंकवाला बोलावतात, आणि त्या जातात. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी दोघीचौघी बायका उठून गेल्या म्हणे. नाईकबाईंनी मला फोनवर सांगितलं होतं, "गेल्या तर गेल्या, साहेब. तीळगूळ उरला, तो आम्ही दोघींनी खाल्ला." आता कोणी उठत नाही.

आता नांदेडच्या त्या दुकानातलं सांगतो. दुकानदाराने आम्हाला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, दिवा मालवला आणि पडदा दाखवला. "बघा साब, एकदम किलिअर. मुंगी चालली तरी दिसतंय." पडद्यावर सून उभी होती. तिने हात हलवला आणि हसली. मग तिची नजर स्वतःवरच थांबली.

"बाबा, माझी ओढणी काळी आहे. ही पांढरी कशी?"

"असंच असतंय ताई," दुकानदार म्हणाला. "रात्रीला रंगाचं काय करायलाव? माणूस दिसला म्हणजे झालं."

स्टूल ओढून बसलो. "नाही झालं," एवढंच म्हणालो. त्या बिचाऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक माल नापसंत करतंय.

आम्ही शेवटी रात्रीही रंग दाखवणारा कॅमेरा घेतला. त्याला स्वतःचा छोटा दिवा असतो, हालचाल झाली की लागतो. "शेजारी कटकट करतेत हां त्या उजेडाची," दुकानदाराने बजावलं. शेजाऱ्यांना मी आधीच जाऊन विचारलं, आणि कॅमेऱ्याचं तोंड त्यांच्या दाराकडे जाणार नाही हेही पाहिलं. वाचकांपैकी कोणी असा कॅमेरा घेणार असेल तर माझं एवढं ऐकावं. किती फुटांपर्यंत दिसतं हे दुकानदार सांगेलच. घरी बसवल्यावर अंधार पडला की घरातल्या माणसांनी आपापले रोजचे कपडे घालून त्याच्यासमोर उभं राहावं आणि मग पडद्यावर स्वतःला पाहावं. आपलाच माणूस आपल्याला ओळखू येतो का, काळं काळं दिसतं का, कपाळ, दाढी, टोपी दिसते का, हे तपासावं. चेहऱ्यावर झोत पडून तो पांढरा होत असेल तर कॅमेरा थोडा लांब किंवा बाजूला सरकवावा. अंगणात एक मंद दिवा रात्रभर जळू दिला तर साधा कॅमेराही पुष्कळ खरं बोलतो. तारीख आणि वेळ बरोबर लावावी. आणि काही घडलंच, तर त्यात जे दिसतं तेवढंच पोलिसांना सांगावं. आपल्याला जे वाटतं ते त्यात मिसळू नये.

कारण त्या संक्रांतीला कॅमेऱ्याने मला फसवलं नव्हतं. त्याने एक फिकट कापड आणि एक कोरं कपाळ दाखवलं. त्याची विधवा मी केली, आणि विधवेची चोर मीच केली. त्या घरात जिला पुढच्या खोलीत जागा नव्हती, तिला आरोपीची जागा देणं मला सगळ्यात सोपं गेलं. तपासात सोपं वाटणाऱ्या गोष्टीपाशी थांबून विचार करावा, हे मी त्यानंतरच्या नोकरीत जमेल तसं पाळलं. माझ्या हाताखालच्या पोरांना व्हरांड्यातला बाक काढायला लावला. ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथे पहिल्याच आठवड्यात काढायला लावला. कारण कोणाला सांगितलं नाही.

दुकानातून परतल्यावर ते सुनेला सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या आता कुठे आहेत?"

"लातूरला. खानावळ आहे त्यांची."

"मग लातूर काय अमेरिकेत आहे का, बाबा? सकाळची बस आहे."

गेलो. नाईकबाईंकडून पत्ता घेतला होता. बसमध्ये वाक्य घोकत होतो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, वाक्य लहान होत गेलं. शेवटी एवढंच उरलं: "बाई, कुंकू नसलेली तुम्ही एकट्याच होता, हे मी पुरावा म्हणून धरलं. ती चूक माझी होती. मला माफ करा." कोर्टात साक्ष देताना मी कधी अडखळलो नव्हतो. ही तर तीनच वाक्यं होती.

खानावळ पहिल्या मजल्यावर. दुपारची वेळ, शिकवणीच्या पोरींनी टेबलं भरलेली. कोणी मोठ्याने हसत होती, कोणी वाटीखाली पुस्तक दाबून जेवत होती. बाई स्वतः वाढत होत्या. केस पांढरे झालेत, चालणं मात्र भरभर. हिरवीगार साडी नेसल्या होत्या, मोठ्या काठाची. एका पोरीने भाकरी नको म्हटलं तर तिला म्हणाल्या, "गप खा. डाक्टर व्हायचंय म्हणं, अन् अंगात चार घास न्हाईत. पेशंट तुला उचलून नेईल." सगळं टेबल हसलं. ती पोरगी लाजून भाकरी कुस्करू लागली.

मी कोपऱ्यात जागा धरली. ताट आलं. त्या माझ्यापाशी आल्या, हातात भाकरीची टोपली.

"साहेब, ज्वारीची का चपाती?"

साहेब त्या सगळ्यांनाच म्हणत असतील. का मला ओळखून म्हणाल्या, ते कळायला मार्ग नव्हता. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. माणसांना चेहऱ्यावरून ओळखण्यात मी आयुष्य घालवलं, पण तिथे मला काही वाचता आलं नाही.

"ज्वारीची," मी म्हणालो.

त्यांनी गरम भाकरी वाढली, वर शेंगदाण्याची चटणी वाढली, तेल सोडलं. मी जेवत राहिलो. जेवण उत्तम होतं. त्या दोनदा जवळून गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मी हातातला घास खाली ठेवला.

"बाई," मी म्हणालो.

त्या थांबल्या. वळल्या. टोपली कमरेवर घेऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, अजिबात घाई नसल्यासारख्या. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी "मावशी, भात!" म्हणून ओरडलं, तरी त्या हालल्या नाहीत.

"बोला की, साहेब."

तिन्ही वाक्यं तोंडात तयार होती.

"वरण," मी म्हणालो. "थोडं वरण वाढा."